टवका, ओरखडा आणि चरा : लॅपटॉपच्या आवरणाची डागडुजी

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याहून शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप असो, की तालुक्याच्या गावी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या टेबलावरचा असो, वर्षा-दोन वर्षांत त्याच्या झाकणावर बारीक रेघांचे जाळे उमटलेले दिसते आणि कडा-कोपऱ्यांवरचा रंग टवक्या-टवक्यांनी उडू लागतो. यंत्र एकदाही हातातून पडलेले नसते, ते नेहमी पिशवीत घालूनच नेलेले असते आणि मालक ते रोज फडक्याने पुसतही असतो. मग या रेघा येतात कोठून? आवरण काळे किंवा गडद करडे असले तरी ओरखडा मात्र बहुधा पांढराच दिसतो, तो का? आणि घरगुती उपाय म्हणून टूथपेस्ट चोळली, तर एका लॅपटॉपवरची रेघ पुसट होते आणि दुसऱ्यावर त्याच जागी चकचकीत डाग कायमचा राहतो, असे कशामुळे? या तिन्ही कोड्यांची उकल एकाच गोष्टीत आहे. लॅपटॉपचे आवरण एकजिनसी नसून थरांचे बनलेले असते, आणि इजा कोणत्या थरापर्यंत पोहोचली यावरच तिचे रूप आणि तिचा उपाय ठरतो.

थरावर थर

वऱ्हाडातल्या जुन्या मातीच्या घराची भिंत डोळ्यांपुढे आणली, तर लॅपटॉपच्या आवरणाची रचना चटकन समजते. भिंतीचा भार मातीचा गाभा पेलतो, त्यावर गिलावा असतो आणि गिलाव्यावर चुन्याची सफेदी. सफेदीमुळे भिंतीला रूप येते. पण ती टिकते गिलाव्याच्या आधारावर, आणि गिलावा टिकतो गाभ्याच्या आधारावर. लॅपटॉपमध्ये गाभ्याचे काम प्लास्टिक किंवा धातू करतो. त्यावर गिलाव्याच्या जागी प्रायमर, म्हणजे वरच्या रंगाला धरून ठेवणारा अस्तराचा थर असतो. प्रायमरवर प्रत्यक्ष रंग आणि रंगावर पारदर्शक संरक्षक लॅकर, असा हा क्रम असतो. या सगळ्या थरांची एकत्र जाडी सहसा दोन अंकी मायक्रॉनांतच भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या रंगामुळे लॅपटॉप नवा दिसतो, तो सगळा मिळून बहुधा एका केसाच्या जाडीतही मावतो. डागडुजी करताना हे माप सतत ध्यानात ठेवावे लागते.

सर्वच लॅपटॉपना हे सगळे थर असतात असे मात्र नाही. स्वस्त यंत्रांच्या तळाचे प्लास्टिक मुळातच रंगीत ओतलेले असते आणि त्यावर वेगळा रंग नसतो. बरीच हलकी यंत्रे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असून त्यांवर रंग दिलेला असतो. ॲल्युमिनियमच्या यंत्रांवर बहुधा रंगच नसतो. तेथे धातू गंधकाम्लाच्या द्रावणात ठेवून त्यातून वीज सोडतात, त्यामुळे धातूच्या पृष्ठभागाचेच ऑक्साइड बनते; या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म छिद्रांत रंगद्रव्य मुरवतात आणि शेवटी उकळत्या पाण्याने ती छिद्रे बंद करतात. या प्रक्रियेला ॲनोडायझिंग म्हणतात. हा थर वरून लावलेला नसून धातूतूनच वाढवलेला असल्याने त्याचे पापुद्रे निघत नाहीत. ॲपल कंपनीचा २००१ सालचा टायटॅनियमचा पॉवरबुक हा लॅपटॉप रंगवलेला होता आणि त्याच्या कडांवरचा रंग उडण्याबद्दल तो ओळखला गेला. २००३ पासून आलेल्या ॲल्युमिनियमच्या पॉवरबुकांना मात्र ॲनोडायझिंग होते.

ओरखडा पाडतो कोण?

कोणता पदार्थ कोणाला ओरखडू शकतो हे सांगणारी मोजपट्टी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडली. तिच्यात शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हे क्रमांक आहेत, आणि वरच्या क्रमांकाचा पदार्थ खालच्याला ओरखडतो एवढाच तिचा नियम आहे. माणसाचे नख २.५ च्या आसपास येते, चाकूचे पोलाद आणि साधी काच ५.५ च्या आसपास, तर गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झच्या जातीचा दगड, ७ वर.

तेल्हारा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी, बेसाल्टच्या प्रदेशात वसलेला आहे. येथील काळी कापसाची जमीन याच बेसाल्टच्या झिजेतून तयार झाली असून तिच्यातील चिकणमातीचे कण स्वतः फार मऊ असतात, त्यामुळे बोटाला पिठासारख्या लागणाऱ्या काळ्या धुळीने लॅपटॉपचे फारसे बिघडत नाही. मात्र त्याच धुळीत न झिजलेल्या फेल्डस्पार खनिजाचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ६ असतो. शिवाय बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्यांचा चुरा ओढ्या-नाल्यांच्या वाळूत मिसळलेला असतो आणि तीच वाळू बांधकामांवरून, रस्त्यांवरून, चपलांच्या तळांवरून घरात आणि पिशवीत येते. लॅकर किंवा प्लास्टिक या कणांपुढे कितीतरी मऊ पडते.

रोज पुसूनही रेघा का पडतात, याचे उत्तर यातच आहे. कोरडे फडके धूळ उचलत नाही, ती दाबून ओढते. फडक्याच्या सुतात अडकलेला वाळूचा एक कण हाताच्या दाबाने झाकणभर फिरतो आणि जाईल तेथे रेघ ओढत जातो. पिशवीतही हेच घडते. एसटीच्या प्रवासात लॅपटॉप, चार्जरची पिन आणि वह्या तासभर एकमेकांवर घासत राहतात, आणि मधे अडकलेला कण प्रत्येक हादऱ्यासरशी थोडा-थोडा सरकतो. म्हणून पुसण्यापूर्वी धूळ मऊ ब्रशने झटकणे किंवा फुंकून उडवणे आणि मग जेमतेम ओलसर, जुन्या धोतराच्या कापडासारख्या मऊ फडक्याने दाब न देता पुसणे, हा साधा क्रम पाळला तरी बहुतेक रेघा मुळात पडतच नाहीत.

काळ्यावर पांढरी रेघ कशी?

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश ठरावीक एकाच दिशेने परत फिरतो, त्यामुळे इतर कोनांतून पाहणाऱ्याला खालचा रंग स्पष्ट दिसतो. ओरखड्यात मात्र छोट्या दरीसारखी खाच पडलेली असते, तिच्या दोन्ही काठांवर सरकलेल्या पदार्थाचे उंचवटे असतात आणि तिचे तळ-भिंती खडबडीत असतात. असा पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, आणि सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरला गेला की डोळ्याला तो पांढरा दिसतो. रंगद्रव्य जागेवरच असते. फक्त त्याच्यावर विखुरलेल्या प्रकाशाचा पडदा येतो.

यावरूनच निदानाची एक सोपी रीत निघते. ओरखड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि रेघ दिसते का ते पाहावे. हवा आणि लॅकर यांच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पण पाणी आणि लॅकर यांच्यातून प्रकाशाच्या जाण्यात फार कमी फरक पडत असल्याने त्यांच्या सीमेवरून अर्धा टक्काही परत फिरत नाही. पाणी खाच भरून काढते आणि विखुरणे जवळजवळ थांबते. म्हणून पाण्याखाली रेघ नाहीशी झाली, तर इजा फक्त पारदर्शक थरात आहे असे समजावे. रेघ पाण्याखालीही दिसत राहिली, तर एक तर रंगाचा थर कापला जाऊन खालचा प्रायमर किंवा धातू उघडा पडलेला असतो, किंवा प्लास्टिक ताणले जाऊन आतूनच पांढरे पडलेले असते. लॅपटॉपसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एबीएस या प्लास्टिकमध्ये रबराचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. प्लास्टिक वाकले किंवा दाबले गेले की या कणांच्या आसपास अतिसूक्ष्म पोकळ्या व भेगा तयार होतात आणि त्या प्रकाश विखुरतात. असा पांढरेपणा पृष्ठभागाच्या आत असल्याने कितीही घासले तरी जात नाही, त्यावर रंगच द्यावा लागतो.

दुसरी कसोटी नखाची. नख रेघेला आडवे फिरवावे. ते अडकले नाही तर तो ओरखडा, आणि ठेच लागल्यासारखे अडकले तर तो खोल चरा.

टवका का उडतो?

ओरखड्यात पदार्थ कापला जातो, टवक्यात मात्र थराची पकड सुटते. त्याचे एक मोठे कारण म्हणजे प्रसरणातील तफावत. समजा झाकण ३५ सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसने बदलले. वऱ्हाडात हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यात उन्हात उभ्या मोटारीचा अंतर्भाग यांत एवढा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाने एबीएसचे झाकण सुमारे १.४ मिलिमीटरने वाढते, तर तेवढ्याच लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे ०.४ मिलिमीटरने. वरचा रंग गाभ्याइतका ताणला किंवा आक्रसला नाही, तर दोन्हींच्या सांध्यावर ताण साठत जातो. हा ताण कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वाधिक असतो; शिवाय पातळ रंग ओला असताना धारदार कडेवरून मागे सरकतो, म्हणून तेथे थरही सर्वांत पातळ असतो. रोजच्या हाताळणीचे धक्केही तेथेच बसतात. टवके कोपऱ्यांपासून सुरू होतात ते यामुळे.

एकदा टवका उडाला की पुढची हानी काठाकडून होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला असून तेल्हारा तालुक्यातील अनेक गावे त्यात येतात. या पट्ट्यातील भिंतींना लोणा लागतो तो कसा, हे तेथील रहिवाशांना वेगळे सांगावे लागत नाही : क्षार ओलीबरोबर गिलाव्यात चढतात, पृष्ठभागाखाली स्फटिकरूप होतात आणि सफेदीचा पोपडा आतून ढकलून पाडतात. मॅग्नेशियमच्या गाभ्यावरचा रंग अशाच रीतीने सुटतो. मॅग्नेशियम हा रासायनिक दृष्ट्या अतिशय क्रियाशील धातू आहे; घामातील किंवा खाऱ्या पाण्यातील मीठ टवक्यातून त्याच्यापर्यंत पोहोचले की तेथे धातू गंजू लागतो, गंजाची भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि शेजारचा धडधाकट रंगही उचलला जातो. म्हणून प्लास्टिकवरचा टवका हा केवळ दिसण्याचा प्रश्न असला, तरी मॅग्नेशियमवरचा टवका वेळीच झाकणे ही यंत्राच्या आयुष्याची बाब ठरते.

खारपाणपट्ट्यात आणखी एक खबरदारी घ्यावी. लॅपटॉप पुसण्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, कारण पाणी वाळले तरी मीठ मागे राहते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकण्यासाठी दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असते आणि या कामाला उत्तम चालते.

आधी गाभा ओळखावा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आवरण कशाचे आहे हे ठरवावे. टवक्याच्या तळाशी वरच्याच रंगाचा पदार्थ दिसला तर ते ओतीव रंगीत प्लास्टिक. तळ काळा-करडा असून नखाने टकटक केल्यावर भदभद आवाज आला तर रंगवलेले प्लास्टिक. तळ धातूसारखा चमकत असून हाताला गार लागला आणि भोवती रंगाचा स्पष्ट काठ दिसला तर रंगवलेला धातू, बहुधा मॅग्नेशियमचा मिश्रधातू. टवका असा नाहीच, फक्त कडेवर झिजून चंदेरी रेघ उमटली आहे, तर ते ॲनोडायझिंग केलेले ॲल्युमिनियम.

आणखी एक प्रकार वेगळा ओळखावा लागतो. काही यंत्रांवर हाताला मखमली लागणारा रबरी लेप असतो. तो पॉलियुरेथेनचा असून उष्णता, दमटपणा आणि हाताचे तेल यांनी वर्षानुवर्षांत त्याची रासायनिक साखळी तुटत जाते आणि तो चिकट होतो. असा चिकटा आलेला लेप दुरुस्त होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून तो पूर्ण काढून टाकणे आणि खालचे प्लास्टिक उघडे ठेवणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

उथळ ओरखडा : घासायचे केव्हा?

पाण्याखाली नाहीसा होणारा ओरखडा चकचकीत पृष्ठभागावर असेल तर तो घासून घालवता येतो. येथे ‘घालवणे’ म्हणजे खाच भरणे नव्हे, तर खाचेच्या काठांचे उंचवटे कापून आणि भोवतालचा पृष्ठभाग किंचित खाली आणून दरीचे काठ गोलसर करणे, म्हणजे प्रकाश विखुरणे थांबते. मोटारीच्या रंगासाठी मिळणारे बारीक पॉलिश यासाठी योग्य ठरते. टूथपेस्टमधील खडूची पूड किंवा सिलिकाचे कण हेच काम ओबडधोबड रीतीने करतात.

परंतु आजचे बरेच लॅपटॉप मॅट असतात. मॅट लॅकरमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण मुद्दाम मिसळलेले असतात, ते पृष्ठभागाला एकसारखा खडबडीतपणा देतात आणि त्यामुळे चकाकी मरते. असा पृष्ठभाग घासला की तेवढाच खडबडीतपणा निघून जातो आणि त्या जागी गुळगुळीत, चकाकणारा डाग तयार होतो. टूथपेस्टचा गुण एका यंत्राला येतो आणि दुसऱ्याला बाधतो तो यामुळेच. कीबोर्डवरच्या जुन्या बटणांची चमक हीसुद्धा घाण नसून अशीच झीज असते आणि ती पुसून जात नाही. मॅट पृष्ठभागावरचा उथळ ओरखडा म्हणून तसाच राहू देणे शहाणपणाचे असते.

टवका भरण्याची रीत

मुगाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान टवक्याची दुरुस्ती घरी करता येते. प्रथम यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा, काढता येणारी बॅटरी असल्यास तीही काढावी आणि जवळची सर्व छिद्रे व जोडण्या कागदी मास्किंग टेपने झाकाव्यात, कारण घासताना निघालेली भुकटी आत गेली तर रंगाच्या टवक्यापेक्षा कितीतरी महागाचे नुकसान होते.

त्यानंतर जागा स्वच्छ करावी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून ओलसर केलेल्या फडक्याने मळ काढावा आणि मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हाताचे तेल पुसून काढावे. तेलकट पृष्ठभागावर रंग पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होतो आणि वाळल्यावर सहज सुटतो; पुन्हा टवका उडण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते.

तिसरी पायरी काठाची. सुटलेला रंग लाकडी दातकोरणीने अलगद काढावा आणि १५०० ते २००० क्रमांकाचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून काठ उतरता करावा. पॉलिश पेपरचा क्रमांक जितका मोठा तितके त्याचे कण बारीक. २००० क्रमांकाचे कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात, तर ४०० क्रमांकाचे सुमारे ३५ मायक्रॉनचे, म्हणजे पारदर्शक थर आणि रंग दोन्ही एका हातात खरवडून टाकायला पुरेसे. उघड्या मॅग्नेशियमवर मात्र पॉलिश पेपर मुळीच चालवू नये, कारण त्याची बारीक भुकटी पेट घेऊ शकते. तेथे फक्त सुटा रंग काढून, जागा कोरडी करून त्याच दिवशी धातूचा प्रायमर लावावा.

चौथी पायरी रंगाची. चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश किंवा दातकोरणीचे टोक घेऊन टवक्याच्या मध्यभागी रंगाचा छोटा थेंब सोडावा. पृष्ठताणाने तो आपोआप काठापर्यंत पोहोचतो. द्रावकात विरघळवलेल्या रंगाचा निम्म्याहून अधिक भाग उडून जाणारा द्रावक असल्याने वाळल्यावर थेंब खोलगट बसतो, आणि म्हणून तीन-चार पातळ हात द्यावे लागतात. एकदाच जाड थर देण्याचा मोह टाळावा, कारण जाड थराची वरची साय आधी वाळते, खालचा द्रावक अडकून पडतो आणि पुढे सुरकुत्या किंवा फोड येतात. दोन हातांमध्ये किमान पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. शेवटचा हात भोवतालच्या पातळीपेक्षा किंचित वर राहील इतका द्यावा आणि आठवडाभर वाळल्यानंतर, पृष्ठभाग चकचकीत असेल तरच, तो ओल्या २००० क्रमांकाच्या पेपरने समपातळीत आणावा. अखेरीस मूळ पोतानुसार चकचकीत किंवा मॅट लॅकरचा एक पातळ हात द्यावा.

प्लास्टिकमधील खोल चरा केवळ रंगाने भरत नाही. त्यात दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी भरावा. त्याचे राळ आणि हार्डनर हे दोन भाग एकत्र आले की रासायनिक क्रियेने घट्ट होतात आणि काही उडून जात नसल्याने फारसे आक्रसत नाहीत. फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद येथे वापरू नये, कारण त्याची वाफ हवेतील ओलीने घट्ट होऊन आसपास पांढरी राख बसल्यासारखी साचते.

रंग कोणता? कापसाशी असलेले नाते

गॅरेजमध्ये ड्युको म्हणून ओळखला जाणारा मोटारींचा पारंपरिक रंग आणि नखांना लावायचे नेलपॉलिश या दोन्हींचा मूळ घटक एकच आहे : नायट्रोसेल्युलोज. तो बनतो कापसापासून. जिनिंगमध्ये रुई वेगळी केल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, ते जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते, आणि नायट्रिक व गंधकाम्लाच्या मिश्रणाने त्याचे नायट्रोसेल्युलोज होते. बाझलचे रसायनशास्त्रज्ञ क्रिश्चन शोनबाइन यांनी १८४६ मध्ये असा कापूस तयार केला तेव्हा त्याची ओळख स्फोटक म्हणून झाली. पण १९२० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने त्याचे कमी दाट होणारे प्रकार द्रावकात विरघळवून ‘ड्युको’ हा रंग बाजारात आणला, जनरल मोटर्सच्या मोटारींना तो दिला जाऊ लागला आणि पूर्वी कित्येक दिवस वाळत राहणारे रंगकाम काही तासांवर आले. कापूस पिकवणाऱ्या अकोला जिल्ह्यातील गॅरेजवाल्याच्या डब्यातला रंग असा शेतातल्या पिकाचाच दूरचा नातलग आहे.

हा रंग केवळ द्रावक उडून वाळतो, म्हणून तो वापरायला सोपा असतो. त्याचा द्रावक हीच मात्र त्याची अडचणही असते. थिनर आणि ॲसिटोन एबीएस विरघळवतात, आणि पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या प्रचलित प्लास्टिकला त्यांच्या स्पर्शाने बारीक भेगा पडतात. म्हणून नेलपॉलिश किंवा ड्युकोचा थेंब आधी तळाच्या न दिसणाऱ्या भागावर लावून पाहावा, आणि प्लास्टिकसाठी शक्यतो पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग निवडावेत. चुकलेला रंग पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर कधीही वापरू नये.

रंग जुळवताना नमुना जाड कागदावर लावून, वाळल्यावर, दिवसाच्या प्रकाशात आणि घरातल्या एलईडी दिव्याखाली असा दोनदा पाहावा. दोन रंगद्रव्ये एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात आणि कारखान्यातील फवाऱ्याने त्या सपाट पसरतात. ब्रशने त्या आडव्यातिडव्या बसतात, त्यामुळे असा रंग हाताने पूर्ण जुळत नाही, हे आधीच मान्य करून चालावे.

ऋतू पाहून काम

अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एवढ्या उष्णतेत द्रावक इतका झपाट्याने उडतो, की रंग पसरून समतल होण्याआधीच घट्ट होतो आणि पृष्ठभाग दाणेदार राहतो. पावसाळ्यात याच्या उलट घडते : उडणारा द्रावक पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते, आणि ते रंगात अडकून नायट्रोसेल्युलोजचा थर पांढुरका, धुरकट होतो. म्हणून दिवाळीनंतरची कोरडी, उबदार दुपार या कामाला सर्वांत सोयीची. उन्हाळ्यात सकाळी लवकर, आणि पावसाळ्यात उघाड असेल तेव्हाच काम करावे. लवकर वाळावे म्हणून यंत्र उन्हात ठेवणे किंवा त्यावर हेअर ड्रायर धरणे लिथियमच्या बॅटरीला घातक असते. काम खिडक्या उघड्या ठेवून, चूल-शेगडीपासून दूर करावे, कारण द्रावकाची वाफ ज्वलनशील असते.

हात आवरावा अशी ठिकाणे

पडद्यावरचा ओरखडा कधीही घासू नये. पडद्याच्या वरच्या पातळ थरावर चकाकी कमी करणारा लेप असतो आणि घासल्यास तेथे कायमचा धूसर ठिपका पडतो. ॲनोडायझिंग केलेल्या ॲल्युमिनियमवर पॉलिश पेपर चालवला तर रंगीत ऑक्साइडचा थर निघून जातो आणि तो घरी पुन्हा देता येत नाही, कारण त्यासाठी सुटा भाग आम्लाच्या टाकीत बुडवावा लागतो. तेथील चंदेरी कड तशीच ठेवली तरी चालते : उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतच पातळ ऑक्साइड आपोआप तयार होतो आणि घाम वेळच्या वेळी पुसला तर धातू टिकून राहतो. बिजागरीजवळ पडलेली भेग ही रंगाची इजा नसून रचनेची इजा आहे. ती रंगाने झाकली तर भेग वाढत असल्याचे कळतच नाही आणि एक दिवस बिजागरी पडद्यासकट निखळते. अशी भेग दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला दाखवावी. हमीची मुदत चालू असलेल्या यंत्राचे आवरण घरी उघडू नये.

या मर्यादा सांभाळून केलेली डागडुजी कारखान्यातील कामाइतकी बेमालूम नसते, आणि तशी अपेक्षाही धरू नये. उत्तम साधलेला टवका हातभर अंतरावरून दिसत नाही, पुन्हा उडत नाही आणि खालच्या गाभ्याला मीठ-पाणी लागू देत नाही. पाच-सहा वर्षे वापरावयाच्या यंत्रासाठी, आणि ते पुढे धाकट्या भावंडाच्या हाती जाणार असेल तर अधिकच, या तीन गोष्टी साधणे पुरेसे आहे.

चौकट : थोडक्यात

• पुसण्याआधी धूळ झटकावी. कोरड्या फडक्यातील वाळूचा कणच रेघ ओढतो.

• पाण्याच्या थेंबाखाली रेघ नाहीशी झाली तर इजा वरच्या पारदर्शक थरात. दिसत राहिली तर इजा खोल.

• चकचकीत पृष्ठभाग जपून घासता येतो. मॅट पृष्ठभाग, पडदा आणि ॲनोडायझिंग केलेले ॲल्युमिनियम घासू नये.

• मॅग्नेशियमवरचा टवका लवकर झाकावा. उघडा मॅग्नेशियम पॉलिश पेपरने घासू नये.

• स्वच्छता, उतरता काठ, पातळ हात आणि हातांमधला वेळ या चार गोष्टींवर काम टिकते.

• प्लास्टिकवर थिनर, ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर वर्ज्य.

• खारपाणपट्ट्यात पुसण्यासाठी बोअरचे नव्हे, डिस्टिल्ड वॉटर वापरावे.